गुत्ता कुठे, विहीर कुठे? काल्पनिक गाव वसवताना

वाचकाचं पत्र, थोडक्यात

बँकेत नोकरी करणारे एक वाचक गेली काही वर्षं एक वेस्टर्न कादंबरी लिहीत आहेत. ती १८७८ सालच्या पश्चिम कॅन्ससमधल्या एका काल्पनिक गावात घडते. लिहायच्या आधी त्यांनी गावाचा नकाशा काढला. मधोमध एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना तीन गुत्ते, बँक, शेरीफची कचेरी आणि हॉटेल, एका टोकाला चर्च, मागे टेकडीवर दफनभूमी. उत्तरेला चांदीची खाण, दक्षिणेला नदी, मधून रेल्वे, शेजारी लष्करी ठाणं, सभोवती गुरांची कुरणं आणि दोन्ही हात वर केलेले उंच निवडुंग. पहिली चार प्रकरणं वाचून मैत्रीण म्हणाली, “गाव सिनेमाच्या सेटसारखं वाटतं. इथे माणसं राहतात असं वाटत नाही.” तेव्हापासून ते नकाशाच पुन्हा पुन्हा काढत आहेत आणि लिखाण थांबलंय. घरच्यांचं म्हणणं, न पाहिलेल्या अमेरिकेवर लिहिण्यापेक्षा आपल्या मातीतलं काही लिहा. त्यांचे प्रश्न असे: खराखुरा वाटेल असा ले-आउट आखायचा कसा? काल्पनिक गाव सोडून सरळ डॉज सिटी हे कॅन्ससमधलं खरं गाव घ्यावं का? आणि हा खटाटोपच चुकीचा आहे का?

उत्तर

तुमचं पत्र आणि सोबतचा नकाशा, दोन्ही नीट पाहिलं. नकाशा मेहनतीने काढलाय. तरी मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. रस्ता सरळ आहे की वाकडा, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. तुमच्या गावात सगळं आहे, पण ते तिथेच का आहे याचं उत्तर कुठेच नाही. सिनेमातल्या गावात एकच रस्ता असतो, कारण कॅमेऱ्याला तेवढाच लागतो. खऱ्या गावातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी पैशामुळे, पाण्यामुळे, जनावरांमुळे किंवा कुठल्या तरी कायद्यामुळे तिच्या जागी आलेली असते. तुम्ही आधी इमारती मांडल्या आणि मग त्यांना कारणं शोधताय. हा क्रम उलटा करा, एवढंच मला मुख्यतः सांगायचंय. बाकीचं उत्तर म्हणजे ते करायचं कसं, याचा तपशील.

डॉज सिटीपासूनच सुरुवात करू. फोर्ट डॉज या लष्करी ठाण्याच्या राखीव हद्दीत दारू विकायला बंदी होती. म्हणून १८७२ साली जॉर्ज हूव्हर नावाच्या माणसाने ठाण्यापासून पश्चिमेला पाच मैल मोजले आणि हद्द जिथे संपत होती तिथे तंबू ठोकून दारू विकायला सुरुवात केली. गवताळ मातीच्या ढेपा रचून त्यावर फळी टाकली, हेच दुकान. त्याच वर्षी सप्टेंबरात सांता फे रेल्वेचे रूळ तिथवर आले. गावाची जागा आधी दारूबंदीच्या हद्दीने ठरवली आणि मग रेल्वेने पक्की केली. तुमच्या नकाशात लष्करी ठाणं गावाला खेटून आहे आणि गुत्तेही तीन आहेत. ते ठाणं पाच मैल लांब नेलंत की एकदम एक वाट तयार होते. त्या वाटेवर पगाराच्या दिवशी सैनिक चालताना दिसतात, परत जाताना कुणीतरी रस्त्यातच झोपतो. एका नियमाने तुम्हाला अंतर मिळालं, आणि अंतरासोबत प्रसंगही.

आता गाव कशावर जगतं ते ठरवा, आणि ती गोष्ट एकच ठेवा. तुमच्या नकाशात चांदीही आहे, गुरंही आहेत आणि लष्करही. पश्चिम कॅन्ससच्या माळावर चांदीच्या खाणी नाहीत. तिथे तुम्ही उभे केलेले उंच निवडुंगही नाहीत. ते ॲरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोरा वाळवंटातले. हे दोन्ही पुसून टाका, नकाशा लगेच मोकळा होईल. खाण हवीच असेल तर कादंबरी ॲरिझोनात किंवा नेवाडात न्या. पण मग सगळंच बदलेल, कारण खाणीचं गाव आणि गुरांचं गाव यांची ठेवण मुळातच वेगळी असते.

किती वेगळी ते पाहा. ॲरिझोनातलं टूम्बस्टोन १८७९ साली चांदीच्या खाणींपाशी वसलं, पण तिथे पुरेसं पाणी नव्हतं. म्हणून दगड कुटून चांदी काढायच्या गिरण्या कित्येक मैल दूर सॅन पेद्रो नदीकाठी उभ्या राहिल्या आणि खनिजाच्या गाड्या रोज तिथवर जाऊ लागल्या. खाण एकीकडे, गिरणी दुसरीकडे आणि मध्ये धुळीचा रस्ता. नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी डोंगराच्या उतारावर होतं. तिथले रस्ते पायऱ्यांसारखे एकाखाली एक, आणि त्यांची नावं ए, बी, सी, डी. व्यापार सी स्ट्रीटवर, खाणमालकांची चांगली घरं त्याच्या वर, वेश्यावस्ती आणि चिनी मजुरांची वस्ती खाली. तिथे माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो एवढं सांगितलं की त्याची ऐपत वेगळी सांगावी लागत नसे. डकोटातलं डेडवूड तर एका चिंचोळ्या घळीत वसलं. तिथे चौकटीचे रस्ते आखायला जागाच नव्हती, गाव ओढ्याच्या कडेने लांबत गेलं.

तुमचं गाव मात्र सपाट माळावरचं आणि रेल्वेचं. तिथे सपाटीमुळे सगळं सोपं होतं आणि रेल्वेमुळे सगळं ठरतं. १८६७ साली जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या ॲबिलीन या किरकोळ वस्तीत रुळांलगत गुरांचे कोंडवाडे बांधले आणि खरेदीदारांसाठी ‘ड्रोव्हर्स कॉटेज’ नावाचं हॉटेल उभं केलं. टेक्सासची लांब शिंगांची गुरं तिथे येऊ लागली आणि चार-पाच वर्षं ॲबिलीन गाजलं. मग ओसरलंही. ओसरण्याचं एक कारण तुमच्या फार उपयोगाचं आहे. टेक्सासच्या गुरांसोबत ताप यायचा. ती गुरं स्वतः ठणठणीत असत, पण वाटेवरच्या शेतकऱ्यांची जनावरं मरत. गोचिडीमुळे हे होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण शेतकऱ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. त्यांनी आरडाओरडा केला, राज्याने टेक्सासच्या गुरांना बंदी असलेली रेषा आखली, आणि शेती जसजशी पश्चिमेला सरकली तसतशी ती रेषाही सरकली. ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी असा गुरांचा बाजार पुढे पुढे जात राहिला. १८८५ मध्ये तो डॉज सिटीतूनही संपला.

म्हणून तुमच्या नकाशावर आधी वर्ष लिहा. १८७२ चं गाव आणि १८७८ चं गाव एक नसतं. आणि कथा पुढे १८८१ च्या पलीकडे जाणार असेल तर लक्षात असू द्या की त्या वर्षी कॅन्ससमध्ये राज्यभर दारूबंदी आली. गुत्ते सगळीकडे बंद झाले असं नाही, पण कायदा बदलला, आणि तुमच्या मार्शलचं, म्हणजे गावच्या पोलिसप्रमुखाचं, काम अवघड झालं.

आता ले-आउटकडे येऊ. हा भाग मला स्वतःला फार आवडतो. अशी गावं आपोआप उगवत नसत, ती विकायला काढलेली असत. पाच-सात माणसं मिळून टाउन कंपनी काढायची, किंवा रेल्वेचीच माणसं ती काढायची. जमीन घ्यायची, मोजणीदार बोलवायचा, प्लॉट पाडायचे, नकाशा काउंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, नोंदवायचा आणि विक्री सुरू करायची. हे तर आपल्याला नवं नाही. गावाबाहेर चुना टाकून आखलेले प्लॉट आणि मोठ्ठा फलक आपण रोज बघतो. धंदा तोच होता.

जमीन आधीच चौकोनात कापलेली होती. १७८५ च्या कायद्याने सरकारी जमिनीची मोजणी ठरली: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिच्यात एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला मिळायची ती १६० एकर जमीन म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. या रेषा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम धावतात. रूळ मात्र त्यांना विचारून टाकलेले नसतात, ते नदीच्या आणि चढाच्या सोयीने तिरपे जातात. मूळ गाव बऱ्याचदा रुळांना काटकोनात आखलं जाई आणि पुढची वाढ होकायंत्राच्या दिशेने होई. जिथे हे दोन जुळत नाहीत तिथे रस्ता अचानक वळतो आणि त्रिकोणी, विचित्र प्लॉट उरतात. डेन्व्हरच्या मध्यभागात हे वळण आजही दिसतं. तिथे जुनं गाव ओढ्या-नदीच्या दिशेने आखलंय आणि नंतरचं उत्तर-दक्षिण. तुमच्या गावातही असा एक वेडावाकडा कोपरा ठेवा. तिथला प्लॉट स्वस्त असेल, आणि स्वस्त प्लॉट कोण घेतं हा चांगला प्रश्न आहे.

मुख्य रस्त्याच्या दोन पद्धती जास्त दिसतात. एक म्हणजे रुळांना समांतर रस्ता. दुकानं एकाच बाजूला, समोर रुंद मोकळी रेल्वेची हद्द आणि पलीकडे तशीच दुसरी रांग. डॉज सिटीचा फ्रंट स्ट्रीट असा होता. तिथे रूळ हीच सीमा मानली जायची. उत्तरेला बंदूक बाळगायला बंदी, दक्षिणेला नाचघरं आणि रात्रभर धिंगाणा. दुसरी पद्धत म्हणजे स्टेशनपासून काटकोनात निघणारा रस्ता. स्टेशन गावाच्या तोंडाशी, आणि व्यापाऱ्यांना रूळ ओलांडावे लागत नाहीत. तुमच्या नकाशात रेल्वे गावामधून जाते, पण तिचा रस्त्याशी काहीच संबंध नाही. दोन्हींपैकी एक निवडा. मी तुमच्या जागी असते तर पहिली पद्धत घेतली असती, कारण तुमच्या कथेत दोन तट आहेत आणि रुळांनी ते फुकटात वेगळे होतात.

गावाच्या हद्दीबाहेर नाचघरं नेण्याचाही एक मार्ग होता. विचिटासमोर, आर्कान्सा नदीच्या पश्चिम काठावर डेलानो नावाची वस्ती होती. पूल ओलांडायला पथकर भरावा लागे. विचिटाच्या सभ्य मंडळींना काउबॉयचा पैसा हवा होता आणि गोंगाट नको होता, म्हणून पुलाच्या पलीकडे काय चालतं याकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. तुमच्या नदीचा उपयोग आत्ता फक्त निळी रेघ म्हणून होतोय, त्यासाठी हे सांगितलं.

प्लॉटचं माप ठरवा, कारण त्यावर खोल्यांचे आकार ठरतात आणि खोल्यांच्या आकारावर तुमचे प्रसंग. व्यापारी प्लॉट साधारण २५ फूट रुंद आणि शे-सव्वाशे फूट खोल असायचा. दर्शनी रुंदीला पैसा पडायचा, म्हणून इमारती अरुंद आणि लांब. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला गुत्ता ऐसपैस चौकोनी हॉल आहे, मधोमध भव्य जिना. २५ फुटांत हे बसत नाही. बार लांबच्या भिंतीला लागून, समोर टेबलांची एक रांग, शेवटी जुगाराची जागा आणि मागचं दार. शेजारच्या इमारती खेटून, त्यामुळे उजेड फक्त पुढून आणि मागून. दुपारीही आतला मधला भाग अंधारा. आता तुमच्या पात्राला दारातून आत येणारा माणूस क्षणभर फक्त आकृती म्हणून दिसेल, चेहरा दिसणार नाही. हा फायदा मापामुळे झाला.

आणि मागची गल्ली! ती तुमच्या नकाशात नाहीच. दुकानांच्या पुढे उंच लाकडी मुखवटा असायचा, मागे साधं उतरतं छप्पर आणि त्यामागे वीसेक फुटांची गल्ली. संडास, कोळशाचा ढीग, रिकामी पिंपं, मालाच्या गाड्या, स्वयंपाक्याचा कचरा हे सगळं तिथे. सगळी कामाची माणसं गावात याच वाटेने वावरतात. शहाणा माणूस पळूनही इथूनच जाईल.

पाण्याबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण नवे लेखक हमखास इथेच घाई करतात. वाफेच्या इंजिनाला ठराविक अंतरावर पाणी लागतं, म्हणून रुळांशेजारी पवनचक्की आणि टाकी हवीच. बहुतेक वेळा गावातली ती सगळ्यात उंच गोष्ट असते. माणसांसाठी विहिरी. नदीजवळ पाणी उथळ लागतं, त्यामुळे विहिरी खणणं सोपं आणि संडासाचे खड्डे त्यांच्याच शेजारी खणणंही तितकंच सोपं. टायफॉइड का पसरतो हे १८७८ च्या गावातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं, तुम्हाला मात्र माहीत आहे. कुठली विहीर कुठल्या खड्ड्याच्या उताराला आहे हे नकाशावर खूण करून ठेवा. कथेत एक मूल आजारी पडतं असं तुम्ही लिहिलंय. त्याचं घर कुठे आहे हे मग तुम्हाला कळेल.

जनावरांचा हिशेब तर करायलाच हवा. समजा, भाड्याच्या घोड्यांच्या तबेल्यात चाळीस घोडे आहेत. एक घोडा दिवसाला आठ-नऊ किलो वाळलेलं गवत खातो, तीस-पस्तीस लिटर पाणी पितो आणि पंधरा-वीस किलो लीद टाकतो. म्हणजे रोज साडेतीनशे किलो गवत आत आणायचं, बाराशे-चौदाशे लिटर पाणी उपसायचं आणि सहाशे-आठशे किलो लीद बाहेर काढायची. एवढा तबेला तुम्ही बँक आणि हॉटेलच्या मध्ये ठेवलाय. माश्या, वास आणि गवताच्या गंजीचा जाळ यांमुळे हॉटेलवाल्याने पहिल्याच उन्हाळ्यात भांडण काढलं असतं. तबेला गावाच्या कडेला न्या, विहिरीजवळ, आणि त्याला लागून लोहार, कारण नाल ठोकायला घोडे तिथेच आहेत. दोघांची एकमेकांना सोय आहे आणि गवताशेजारी भट्टी म्हणून दोघांनाही भीती आहे.

गुरांचे कोंडवाडे रुळांलगत, पण गावाच्या पूर्व किंवा पश्चिम टोकाला. कॅन्ससमध्ये उन्हाळ्यात वारा मुख्यतः दक्षिणेकडून येतो. तुम्ही कोंडवाडे दक्षिणेला ठेवलेत, म्हणजे हंगामभर सगळा वास आणि धूळ थेट जेवणाच्या ताटात. शिवाय दोन-तीन हजार गुरांचा कळप मुख्य रस्त्यावरून हाकत नेत नसत. ते कळप गावाबाहेर माळावर मैलोन् मैल पसरून चरत राहत, सौदा ठरला की टप्प्याटप्प्याने रुळांकडे आणले जात. गावात येत ते काउबॉय, काही महिन्यांचा पगार खिशात घेऊन. त्यांच्या वाटेवर पहिलं काय लागतं? न्हावी, आंघोळीची सोय, कपड्यांचं दुकान, मग गुत्ता. हा क्रम रस्त्यावर तसाच लावा.

तुमच्या नकाशात लाकूडही कुठून येतं ते नाही. त्या माळावर नदीकाठचे कॉटनवुड सोडले तर झाडं जवळजवळ नाहीत. फळ्या रेल्वेने येतात, म्हणून स्टेशनजवळ लाकडाची वखार आणि कोळशाचा साठा. ज्यांना फळ्या परवडत नाहीत ते मातीच्या ढेपांचं घर बांधतात किंवा उतारात खोदून त्यातच राहतात. १८७७ साली मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी उत्तर कॅन्ससमध्ये निकोडेमस हे गाव वसवलं, तेव्हा पहिला हिवाळा त्यांनी अशाच खोदलेल्या घरांत काढला. रुळांशेजारी आणखी एक गोष्ट ठेवा, ती कुठल्याच सेटवर दिसत नाही: हाडांचा ढीग. त्या दशकात दक्षिण माळावरची रानगव्यांची कत्तल जवळजवळ पूर्ण झाली होती. आधी कातडी गेली, मग गरीब वसाहतकरी माळावरची हाडं गाड्या भरभरून वेचून आणत आणि ती खतासाठी रेल्वेने पूर्वेकडे जात.

इथे मला तुमच्या एका गृहीतकाबद्दल बोलायचंय. नकाशाच्या कडेला तुम्ही ‘रिकामा प्रदेश’ असं लिहिलंय. तो रिकामा नव्हता, रिकामा केला होता. १८६७ च्या मेडिसिन लॉज तहानंतर शायेन, अरापाहो, कायोवा, कोमांची यांना दक्षिणेकडच्या राखीव प्रदेशात ढकललं गेलं. आणि तुमची कादंबरी नेमकी १८७८ ची आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात उपासमारीला आणि आजाराला कंटाळून उत्तरेकडचे शायेन डल नाइफ आणि लिटल वुल्फ यांच्या मागे आपल्या मूळ मुलखाकडे निघाले, आणि पश्चिम कॅन्ससमधूनच गेले. वाटेत लढाई झाली, दोन्हीकडची माणसं मेली, गावागावांत घबराट पसरली. तुमच्या कथेच्या त्या महिन्यांत गावातला एकही माणूस याबद्दल बोलत नाही, हे शक्यच नाही. या घटनेला कथेत मोठी जागा द्या असं मी म्हणत नाही. पण नकाशाच्या कडेवरचे ते दोन शब्द खोडा आणि तिथे जुन्या वाटा, पाणवठे, तळाच्या जागा काढा. गावाचा रस्ताही बहुधा त्यांतल्याच एखाद्या वाटेवरून जात असेल.

कायद्याची माणसं जरा भराभर सांगते. शेरीफ काउंटीचा, निवडून आलेला. मार्शल गावाचा, नेमलेला. १८७८ मध्ये पश्चिम कॅन्ससमधल्या कित्येक काउंट्यांचा कारभार अजून सुरूच झाला नव्हता, त्या शेजारच्या काउंटीला जोडलेल्या होत्या. तेव्हा तुमच्या गावात शेरीफची कचेरी नसण्याचीच शक्यता जास्त. शेरीफ दोन दिवसांच्या वाटेवर आहे असं ठरवलंत तर कथेला बळच मिळेल. गोळीबारांबद्दलही हात आखडता घ्या. ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी आणि काल्डवेल या पाच गावांत १८७० ते १८८५ या काळात मिळून ४५ खून झाल्याचं इतिहासकार रॉबर्ट डिक्स्ट्रा यांनी मोजलंय. व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक जिवंत हवं होतं. आणि टूम्बस्टोनची १८८१ ची ‘ओ.के. कोरल’ची गाजलेली चकमक अर्ध्या मिनिटात संपली, तीही मुख्य रस्त्याच्या मधोमध नव्हे तर एका फोटोग्राफरच्या घराशेजारच्या अरुंद मोकळ्या प्लॉटवर.

त्या मोकळ्या प्लॉटवरून आठवलं: तुमच्या गावात रिकामी जागाच नाही! टाउन कंपनीने पाडलेले सगळे प्लॉट कधीच एकदम विकले जात नसत. दोन दुकानांच्या मध्ये गवत वाढलेलं, कुठे नुसताच पाया, कुठे ‘कोर्टासाठी राखीव’ चौक आणि त्यात चरणारी गाय. आणि जळालेल्या जागा. डेडवूडला १८७९ च्या सप्टेंबरात बेकरीत आग लागली आणि सुमारे तीनशे इमारती गेल्या. टूम्बस्टोन १८८१ आणि १८८२ अशी लागोपाठ दोन वर्षं जळलं. आगीनंतर विटांच्या इमारती येतात, बहुधा बँक आधी. तुमच्या गावात एकच विटांची इमारत ठेवा आणि तिच्या शेजारी काय जळालं होतं ते फक्त तुम्हाला माहीत असू द्या.

आता डॉज सिटीच घ्यावी का? माझं मत: नको. खऱ्या गावात तुम्ही प्रत्येक दाराशी अडाल, इथे १८७८ मध्ये काय होतं, म्हणून. गाव काल्पनिकच ठेवा, पण त्याच्याभोवतीचं सगळं खरं ठेवा. रेल्वे खरी, नदी खरी, वर्ष खरं, शेजारची गावं खरी. आपलं गाव डॉज सिटीकडून गुरांचा बाजार हिसकावू पाहणाऱ्या टाउन कंपनीचं आहे असं केलंत, तर निम्मे प्लॉट रिकामे असणं, पुढाऱ्यांची घाई, छापखान्यातून निघणाऱ्या फुगवलेल्या जाहिराती, सगळ्याला कारण मिळतं.

पाहायचं काय, तर सॅनबोर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. त्यात प्रत्येक इमारत मापासकट असते, पिवळा रंग लाकडाला, गुलाबी विटांना, निळा दगडाला. कुठे तबेला, कुठे न्हावी, कुठे पाणी, सगळं लिहिलेलं. कॅन्ससच्या छोट्या गावांचे हे नकाशे १८८० च्या दशकापासूनचे मिळतात, तेव्हा काही वर्षं मागे जाऊन कल्पना करावी लागेल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात, त्या काळातली गावांची विहंगम चित्रंही तिथेच आहेत. चित्रांवर पूर्ण विश्वास ठेवू नका, बरीचशी गावाची जाहिरात म्हणूनच काढलेली असत. जुनी स्थानिक वर्तमानपत्रंही वाचा, आणि त्यांतल्या बातम्यांआधी जाहिराती.

घरच्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना वाटतं, न पाहिलेल्या जागेबद्दल लिहिलेलं उसनं ठरेल. १८७८ चं कॅन्सस आज तिथे राहणाऱ्या लेखकानेही पाहिलेलं नाही, त्यालाही हेच नकाशे उघडावे लागतात. पण तुमच्याकडे एक गोष्ट हाताशी आहे. रेल्वेच्या जंक्शनमुळे वाढलेलं मनमाड किंवा भुसावळ, नाहीतर तुमच्या तालुक्याचं बाजाराचं गाव घ्या आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे जा. गुरांचा बाजार गावाच्या कुठल्या अंगाला भरतो, पाणी कुठून येतं, मटणाची दुकानं कुठे, स्टेशनसमोर कसली दुकानं, कुठली वस्ती रुळांपलीकडे आहे आणि का, हे पाहा. तिथली उत्तरं कॅन्ससला लागू पडणार नाहीत, प्रश्न मात्र पडतील. आणि हे करताना आपल्या मातीतली दुसरी कादंबरी सुचली, तर घरचेही खूश होतील आणि मीही.

नकाशा मात्र आता थांबवा. एक कागद घ्या आणि त्यावर वर्ष, रूळ, नदी, वाऱ्याची दिशा, विहिरी, तबेला, कोंडवाडे आणि मुख्य रस्त्याची एक रांग एवढंच काढा. त्यापुढे एकही इमारत काढायची नाही, जोवर एखादं पात्र तिच्यात शिरत नाही. अंतरं पावलांत मोजा. दोन आडव्या रस्त्यांमधली तीनशे फुटांची इमारतींची रांग आणि एक रस्ता धरून चालायला दीड मिनिट. हजार वस्तीचं गाव टोकापासून टोकापर्यंत सात-आठ मिनिटांत संपतं, म्हणजे तुमचा नायक हॉटेलातून बँकेत घोड्यावर बसून जाणार नाही, जसा तो तिसऱ्या प्रकरणात जातो. ते प्रकरण आधी दुरुस्त करा. त्याला चालत पाठवा, मागच्या गल्लीतून, ऑगस्टमधल्या दुपारी, वारा दक्षिणेचा असताना, आणि वाटेत कोण कोण भेटतं ते लिहा. जिथे अडाल तिथला नकाशाचा तुकडा मला पाठवा, त्यावर पुढच्या वेळी बोलू.